पहिली चूक कोणाच्या दंडावर?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने नर्सिंगच्या शिक्षणावर लिहावे म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यासारखे आहे, असे आमच्या वर्गातल्या मंडळींनी मला आधीच सुनावले आहे. सुनावोत बापडे. एक तर नर्सेस ज्यांची शुश्रूषा करतात त्यांत कधी ना कधी आपण सारेच असतो. आणि दुसरे म्हणजे, ज्या पद्धतीविषयी मी लिहिणार आहे तिच्यावरच आम्हा कॉमर्सवाल्यांचे सारे शिक्षण चालले आहे. ते आमच्या लक्षात येत नाही, इतकेच. बी.कॉम.च्या वर्षांत आम्ही ज्या पेढ्यांची खाती लिहितो त्या पेढ्या जगात कुठेच नसतात. अ आणि ब भागीदारीत येतात, क ला आत घेतात, नफ्याच्या वाटणीवरून फारकत घेतात, प्रसंगी दिवाळेही काढतात, आणि या सगळ्या उलाढालीत कोणाचे एका रुपयाचेही नुकसान होत नाही. तेरीज जुळली नाही तर पान फाडायचे आणि पुन्हा बसायचे. खऱ्या दुकानदाराची रोजकीर्द पहिल्याच दिवशी आमच्या हाती कोणी देत नाही, आणि देऊही नये.

कागदावरच्या अ आणि ब ला हे जे संरक्षण मिळते, ते खाटेवरच्या जिवंत माणसाला का मिळू नये, हा माझा प्रश्न आहे.

माझी एक आतेबहीण नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोणत्या गावी ते सांगत नाही. ती सांगते की, वर्गात त्यांनी पहिले इंजेक्शन संत्र्याला दिले. ही जुनी रीत आहे आणि वाईट नाही. साल टोचताना हाताला जो विरोध लागतो तो कातडीच्या थोडाफार जवळचा असतो म्हणे. पण संत्रे हात मागे ओढत नाही, 'आई गं' म्हणत नाही, आणि त्याच्या शेजारी त्याचा मुलगा उभा राहून टक लावून पाहत नसतो. संत्र्यानंतर थेट जनरल वॉर्ड. तिथे एका म्हाताऱ्या बाईंच्या हाताला सलाईनची सुई लावताना दोनदा शीर चुकली. बाई रागावल्या नाहीत. "शिकतेस होय गं पोरी? शीक, शीक," एवढेच म्हणाल्या आणि दुसरा हात पुढे केला.

मला यातली पुढची गोष्ट जास्त बोचली. त्याच मजल्यावर टोकाला स्पेशल रूम होत्या. तिथे सुई लावायची वेळ आली की सिस्टर म्हणत, "तिकडे तुम्ही नको, मी येते." म्हणजे विद्यार्थिनीचा हात अजून बसलेला नाही हे सिस्टरला ठाऊक होते. फक्त त्या कच्च्या हाताची किंमत कोणी मोजायची, हे खोलीच्या भाड्यावरून ठरत होते. यात त्या सिस्टरला मी दोष देणार नाही. तिच्या जागी कोणीही तेच केले असते. रीतच तशी पडली आहे, आणि ती फक्त आपल्याकडे नाही. जिथे जिथे धर्मादाय इस्पितळाला जोडून शिक्षण सुरू झाले, तिथे तिथे गरिबाचे शरीर ही शिकणाऱ्यांची पाटी झाली.

आम्हाला पहिल्या वर्षी पहिल्या तासाला शिकवतात की, प्रत्येक नावेच्या नोंदीला जमेची नोंद असतेच. मुलगी शिकली, हात बसला, उद्या ती उत्तम परिचारिका होईल; ही जमा झाली. पण त्या दोन चुकलेल्या टोचण्या, हाताला आलेली सूज, त्या रात्री बाईला न लागलेली झोप, ही नावेची बाजू कोणाच्या खात्यावर पडली? म्हातारीच्या. आणि ती कुठल्याच वहीत लिहिली गेली नाही. ज्या खर्चाची नोंद होत नाही तो खर्च फुकट वाटू लागतो, आणि जे फुकट वाटते त्याची उधळपट्टी होते. अमेरिकेत १९९९ मध्ये तिथल्या वैद्यक संस्थेने अशा न लिहिलेल्या वहीची पाने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मांडली, तेव्हा इस्पितळांतल्या टाळता येण्याजोग्या चुकांनी वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसे मरत असावीत असा अंदाज निघाला. त्या साऱ्या काही शिकाऊंच्या चुका नव्हत्या, अनुभवी माणसांच्याही होत्या. पण चूक करायला एक सुरक्षित जागा हवी, हा विचार त्यानंतर तिथे जोराने पुढे आला.

ती जागा म्हणजे सिम्युलेशन. कोशात पाहिले तर याला अभिरूपण, प्रतिरूपण असे जड जड प्रतिशब्द सापडतात. मला ते काही रुचत नाहीत. आपल्याकडे याला 'रंगीत तालीम' असा चांगला घरचा शब्द आहे, आणि गंमत म्हणजे कन्नडातही नाटकाच्या सरावाला 'तालीमु'च म्हणतात. तेव्हा हा शब्द आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांत चालून जाईल. खोट्या खाटेवर खोटा रुग्ण, पण बाकी सारे खरे: तीच सुई, तेच सलाईन, तोच केस पेपर, तीच घाई. बेळगावच्या मुलाला हे पटवून द्यायला फार कष्ट पडू नयेत. जत्रेतल्या आखाड्यात उतरण्याआधी पोरगा तालमीच्या मातीत किती वेळा चीत होतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. त्या चीत होण्यासाठीच तर तालीम असते.

ही कल्पना नवी, परदेशी, महागड्या यंत्रांची आहे असा एक समज आहे. परदेशी म्हणा हवे तर, पण नवी नाही. फ्रान्समध्ये मादाम द्यु कूद्रे नावाची एक सुईण होती. तिने अठराव्या शतकात कापड, कातडे आणि कापूस भरून स्त्रीच्या कमरेखालच्या भागाची एक आकृती शिवली, आत कापडी मूल ठेवले, आणि १७५९ मध्ये राजाचे फर्मान मिळाल्यावर ती गावोगाव हिंडून खेड्यातल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना बाळंतपण शिकवू लागली. आडवे आलेले मूल कसे फिरवायचे हे त्या बायका आधी कापडावर शिकल्या. तशी एक आकृती रूआँ गावच्या संग्रहालयात अजून जपून ठेवलेली आहे. नर्सिंगपुरते बोलायचे तर १९११ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड इस्पितळाच्या परिचारिका विद्यालयाने मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईंकडून माणसाएवढी एक बाहुली करून घेतली. तिचे हातपाय सांध्यांत वळत, म्हणजे तिला कुशीवर वळवता येई, पुसून काढता येई, कपडे बदलता येत. मुली तिला 'मिसेस चेस' म्हणू लागल्या. पुढे १९१४ च्या सुमारास तिच्या दंडावर इंजेक्शनची जागा आली आणि पोटात पाण्याचे साठे आले. आणि १९६० मध्ये नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी करणाऱ्या कारखानदाराने तोंडाने श्वास देण्याचा सराव करण्यासाठी 'ॲन' ही बाहुली काढली. तिचा चेहरा पॅरिसमधल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला आहे. ती मुलगी सीन नदीत बुडाली होती असे सांगतात.

सुईण, बाहुलीवाली, खेळणीवाला. यांत मोठा यंत्रशास्त्रज्ञ एकही नाही. विमानचालकांसाठी जमिनीवरचे सराव-विमान १९२९ मध्ये एडविन लिंकने केले, तोही पियानो-ऑर्गन करणाऱ्या घरातला; त्या विमानाला हलवणारे भातेदेखील ऑर्गनच्याच जातीचे होते. आपल्या जिल्ह्यात गोकाकला लाकडाची फळे अशी रंगवतात की पाहुण्याने उचलून तोंडाला लावावीत. त्या हातांना दंड, मांडी, तान्हे मूल घडवायला सांगितले असते तर काय झाले असते, असे उगीचच मनात येते. असो.

काही कौशल्ये अशी आहेत की त्यांच्यासाठी बाहुलीवाचून दुसरा मार्गच नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायची असते ती मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि किमान ५ सेंटिमीटर खोल. धडधाकट माणसावर याचा सराव करता येत नाही, त्याची बरगडी मोडेल. आणि ज्याचे हृदय बंद पडले आहे त्याच्याजवळ सरावाला वेळ नसतो. तसेच बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचे. विद्यार्थिनीच्या साऱ्या शिक्षणकाळात असा गंभीर प्रसंग तिच्या पाळीत येईलच असे नाही, आणि आला तरी तिला बाजूला सारूनच मोठी माणसे धावतील. मग नोकरीच्या पहिल्या महिन्यात, एखाद्या तालुक्याच्या गावी, रात्रपाळीला ती एकटी असताना तो प्रसंग आला तर? चादरीवर पसरलेले रक्त किती हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे फार फसवे असते. बहुधा ते कमीच वाटते. आता अशी एक पिशवीवजा साधी आकृती मिळते की ती शिक्षिकेने पोटाला बांधायची, आतून बाळ बाहेर द्यायचे आणि लाल पाणी सोडायचे. अशा आकृतीला वीज लागत नाही. नवजात बाळाची एक बाहुली तर कोमट पाण्याने भरायची असते; पाण्यामुळे तिला खऱ्या बाळाचे वजन आणि ऊब येते. २०१० पासून अनेक गरीब देशांत तिच्यावर सुइणींना बाळाचा श्वास सुरू करण्याचे शिक्षण दिले गेले आहे.

पण नुसता हात बसवणे म्हणजे तालीम नव्हे. आतेबहिणीच्या वहीतले एक गणित मी पाहिले, आकड्यांचे म्हणून मला आवडले. ५०० मिलीलिटर सलाईन ४ तासांत द्यायचे आहे. नळीच्या संचातून २० थेंबांचा १ मिलीलिटर होतो. तर मिनिटाला किती थेंब? उत्तर सुमारे ४२. आठवीतला मुलगाही सोडवील. पण वॉर्डात कपाटातून घाईत काढलेला संच लहान थेंबाचा, ६० थेंबांना १ मिलीलिटरचा असला, आणि मुलीने पाठ केल्याप्रमाणे ४२ थेंबच लावले, तर तीच बाटली ४ ऐवजी जवळजवळ १२ तास चालेल. गणित बरोबर, उत्तर बरोबर, आणि रुग्ण तहानलेला. ही चूक वहीत सापडत नाही. ती सापडते शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक हाका मारतो आहे, फोन वाजतो आहे आणि संच बदललेला आहे अशा ठिकाणी. तो सगळा गोंधळ मुद्दाम उभा करायचा, ही खरी तालीम. आणखी एक प्रसंग सुचवतो, तो आपल्याकडचाच आहे. एकाच वॉर्डात दोन लक्ष्मीबाई पाटील ठेवा. आपल्या भागात ते मुळीच अशक्य नाही. मग पाहा, मनगटावरची पट्टी किती जणी वाचतात.

आणि हे झाल्यावर बसून बोलायचे. जाणकार म्हणतात की खरे शिक्षण त्या बोलण्यातच होते: काय दिसले, काय वाटले, औषध देण्याआधी हात का थबकला, कोणाला हाक मारायला हवी होती. वस्ताद पोराला चीत झाल्यावर तसाच सोडत नाही. पुन्हा उभे करतो आणि पाय कुठे चुकला ते दाखवतो. ते नसेल तर लाखोंची बाहुली ही खेळण्यातली बाहुलीच.

यावर कोणी म्हणेल की, बाहुलीवर शिकलेली मुलगी माणसाजवळ गेल्यावर बावरणार. शंका रास्त आहे, म्हणून ती तपासून पाहिली गेली आहे. अमेरिकेतल्या परिचारिका नियामक मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १० नर्सिंग विद्यालयांत २०११ पासून विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाचे वॉर्डातले तास जवळजवळ नेहमीसारखे ठेवले, दुसऱ्याचे चौथा हिस्सा आणि तिसऱ्याचे निम्मे तास सिम्युलेशनला दिले. निष्कर्ष २०१४ मध्ये आले. ज्ञानात, कौशल्यात, परवान्याच्या परीक्षेत तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांतही नाही. मात्र तिथले शिक्षक या कामासाठी खास तयार केलेले होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर ते बोलणे ठरल्या पद्धतीने होत होते. ही अट सोयीस्करपणे गाळून, 'निम्मे तास बाहुलीवर भागतात' एवढेच वाक्य उचलायला आपल्याकडे टपलेले लोक पुष्कळ आहेत. ज्यांच्या विद्यालयाला पुरेसे रुग्णच नाहीत अशांना हा निष्कर्ष म्हणजे आयतेच निमित्त. माझे म्हणणे तसे मुळीच नाही. बाहुलीने वॉर्ड कमी करू नये. वॉर्डातली पहिली, अगदी कच्ची चूक तेवढी आपल्या अंगावर घ्यावी.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हा कौशल्य-प्रयोगशाळेचे तास व्याख्यान आणि वॉर्ड यांच्या शेजारी स्वतंत्र रकान्यात मांडले. चांगले झाले. पण रकाना भरणे आणि तास भरणे यांत अंतर असते, हे हजेरीपट पाहिलेल्या कोणाला सांगायला नको. बाहुली विकत घेतली जाते, तिच्यावर क्रमांक पडतो, ती डेडस्टॉक रजिस्टरात चढते, आणि मग जिच्या ताब्यात ती असते तिला एकच धास्ती: काही मोडले तर भरून कोण देणार? म्हणून बाहुली प्लॅस्टिकच्या आवरणात कुलूपबंद, आणि तपासणीच्या दिवशी खाटेवर. अशा कथा मी एकाहून अधिक ठिकाणच्या ऐकल्या आहेत. हिशेबाच्या विद्यार्थ्याला याचे हसू येते, कारण घसारा वापरला तरी लागतो आणि कपाटात ठेवला तरी लागतो. दहा वर्षांनी कपाटातून काढलेल्या त्या कोऱ्या बाहुलीची पुस्तकी किंमत शून्य झालेली असेल आणि तिच्यावर कोणी काही शिकलेलेही नसेल. वापरून वापरून दंडाचे रबर फाटले, तर तो त्या विद्यालयाचा मी मान समजेन. खरा खर्च बाहुलीचा नाहीच. सहा-सात मुलींच्या गटामागे एक तयार शिक्षिका, तासभर, पुन्हा पुन्हा, हा खरा खर्च. आणि तो भांडवली नसून आवर्ती असल्यामुळे व्यवस्थापनाला नकोसा वाटतो. इमारतीच्या कोनशिलेवर नाव घालता येते, शिक्षिकेच्या पगारावर घालता येत नाही.

आता शेवटी, जे मला आपल्या सीमाभागातल्या वाचकांपुढे मुख्यतः मांडायचे होते ते. नर्सिंग शिकवले जाते इंग्रजीतून. शिकणाऱ्या मुलींत काही केरळातून आलेल्या असतात, काही आपल्याच खेड्यांतल्या. आणि वॉर्डातला रुग्ण बोलतो मराठी किंवा कन्नड, बहुधा दोन्हींची मिसळ. पुस्तकात वेदनेचे प्रकार इंग्रजीत छापलेले असतात. आपल्या आज्या म्हणतात, छातीत चमक मारते, पोटात कालवतंय, घेरी येते. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, 'कसंतरीच होतंय'. हे 'कसंतरीच' कधी नुसते जागरण असते आणि कधी हृदयविकाराचा झटका. कन्नड बोलणारा म्हणतो, 'तले सुत्तु', म्हणजे डोके गरगरते. 'एदे उरी', म्हणजे छातीत जळजळते. मराठी कानाला त्यातली 'उरी' ओळखीची वाटते आणि फसवते. कन्नडात उरी म्हणजे छाती नव्हे, आग. सर्वांत भयंकर वाक्य मात्र आपल्या बायका अगदी हळू आवाजात, खाली मान घालून बोलतात: 'अंगावरून जातंय.' ज्या मुलीला या दोन शब्दांचा अर्थ ठाऊक नाही तिला रक्तस्रावाचा सारा धडा पाठ असून उपयोग नाही, कारण धडा कुठे सुरू झाला हेच तिला कळणार नाही.

हे शब्द कुठलीही बाहुली बोलणार नाही. महागड्या बाहुल्या बोलतात त्या इंग्रजीत बोलतात. इथे माणूस हवा, रुग्णाचे सोंग घेणारा माणूस. तीही कल्पना जुनीच आहे. लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने १९६३ मध्येच धडधाकट व्यक्तींना रुग्णाची भूमिका शिकवून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपुढे बसवायला सुरुवात केली होती. आपल्याकडे दरवर्षी स्नेहसंमेलनात दोन भाषांतली नाटके होतात, आणि तालमींना येणारी मुले वर्षातले उरलेले दहा महिने कँटीनमध्ये बसून असतात. दुसरीकडे शहरात नर्सिंगची विद्यालये आहेत, त्यांना दोन्ही भाषा बोलणारे खोटे रुग्ण हवे आहेत, निदान हवे असायला हवेत. दोन्हींची गाठ घालायला कोणाची परवानगी लागेल ती लागो; पैसा लागणार नाही.

भूमिका फार मोठी नाही. खाटेवर पडायचे, कुठे काय होते ते आपल्या घरच्या भाषेत सांगायचे, आणि विचारल्याशिवाय जास्त सांगायचे नाही. मुलींनी लाजरी बाळंतीण व्हावे, मुलांनी तक्रारखोर नातेवाईक. त्याला तर सरावाचीही गरज पडू नये. टोचून मात्र कोणी घ्यायचे नाही, त्यासाठी बाहुलीचा दंड आहे. आमचे वर्ग सकाळी सुटतात, तेव्हा मराठीतल्या रुग्णांची दुपार आम्ही कॉमर्सवाले घेऊ शकतो. कन्नड विभागातल्या मित्रांनी शनिवार पाहावा.